कुमार कादंबरीतला वडीलधारा मित्र

दहावीतली पोरं आणि साठी-सत्तरी गाठलेलं एखादं माणूस यांची मैत्री हा कुमार कादंबरीचा जुना, आवडता विषय आहे. लिहिणाऱ्याला तो सोपा वाटतो. एकाकडे अनुभव आहे, दुसऱ्यापुढे आयुष्य पडलंय. म्हाताऱ्याने सांगायचं, पोरांनी ऐकायचं, झाली कादंबरी. अशी पुस्तकं मुलं पंचवीस पानांत खाली ठेवतात. शाळेच्या कपाटात ती वर्षानुवर्षं कोरी राहतात आणि मग आपण म्हणतो, हल्लीची मुलं वाचत नाहीत.

माझं म्हणणं असं आहे की म्हाताऱ्यालाही पोरांची गरज असेल तेव्हाच ही मैत्री पुस्तकात खरी वाटते. ‘पोरं आली की घर भरल्यासारखं वाटतं’ एवढ्यावर ते भागत नाही. पोरं यायची थांबली तर त्याचं काहीतरी खरोखर अडलं पाहिजे. हे का, ते समजून घ्यायला आधी कुमार कादंबरी कशी चालते ते पाहू.

साधारण बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठीची गोष्ट म्हणजे कुमार कादंबरी, ही ढोबळ व्याख्या. खरा फरक सांगणारा कुठे बसलाय यात आहे. लहान मुलांच्या गोष्टीत सांगणारा मोठा असतो, त्याला शेवट ठाऊक असतो आणि तो मुलाचं बोट धरून चालतो. कुमार कादंबरीत तो पोराच्याच डोक्यात बसलेला असतो. पोराला जे कळत नाही ते त्यालाही कळत नाही. आईबाप चुकू शकतात, शाळा अन्याय करू शकते आणि शेवटी सगळं जागेवर येईलच याची हमी नसते. मराठीत बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून शाळकरी मुलांच्या हातात आहे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेलाय. पण पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या आतल्या गोंधळात शिरून लिहिलेल्या कादंबऱ्या त्या मानाने थोड्याच.

अशा गोष्टीत एखादं जाणतं, मोठं माणूस आलं की तोल जातो. त्याला पोरापेक्षा जास्त कळतं, म्हणून लेखकाचा आवाज हळूहळू त्याच्या तोंडी जाऊन बसतो. दोन प्रकरणांत तो म्हातारा लेखकाचा प्रतिनिधी होतो आणि पोरगं नुसतं मान हलवायला उरतं. आपल्याकडे हे जास्त होतं. मुलांच्या पुस्तकाने संस्कार केलेच पाहिजेत, ही आपली अपेक्षा फार जड आहे आणि तिचं सगळं ओझं या एका पात्राच्या डोक्यावर येतं.

मग हे पात्र ठेवायचंच कशाला? कारण खऱ्या आयुष्यात ते फार मोलाचं असतं. हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या संशोधिकांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. त्यातली काही मुलं एकाच वेळी अनेक अडचणींत वाढत होती: गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचं व्यसन किंवा मानसिक आजार. या मुलांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश मुलं मोठेपणी चांगली सावरलेली, कर्ती, माया लावणारी माणसं झाली. ती कशी तरली याची कारणं शोधताना एक गोष्ट वारंवार पुढे आली. त्यांच्या आयुष्यात कुणीतरी एक भरवशाचं मोठं माणूस होतं आणि अनेकदा ते आईबापांपलीकडचं होतं. आजी, मावशी, शेजारी, एखादे शिक्षक. त्या माणसाने फार शहाणपणाचं काही सांगितलं होतं असं नाही. ते टिकून होतं, इतकंच. आज आहे आणि पुढच्या आठवड्यातही असणार आहे, हा भरवसा मुलाला होता.

दुसरी बाजू एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने दाखवली. त्याने १९५० साली माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले आणि प्रत्येक टप्प्यावरची एक ओढाताण सांगितली. किशोरवयात प्रश्न असतो ‘मी कोण?’ वय उताराला लागलं की प्रश्न बदलतो: मी जे कमावलं, शिकलो, ते पुढच्या कुणाच्या हाती देतोय का, की ते माझ्याबरोबरच संपणार? आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर, जगलो ते बरं जगलो का? माझ्या मते कुमार कादंबरीतल्या या मैत्रीचं सगळं रहस्य इथे आहे. पोराला आपण कोण होणार ते कळत नाहीये आणि म्हाताऱ्याला आपण कोण होतो ते कुणालातरी दाखवायचंय. दोघांचीही अडचण खरी आहे आणि दोघांपैकी कुणालाच ती एकट्याने सुटत नाही. मधल्या पिढीपाशी, म्हणजे आईबापांपाशी, या दोन्ही प्रश्नांना वेळ नसतो. ती हप्ते, पगार आणि पोरांची फी यांत अडकलेली असतात.

आता हे नुसतं तत्त्व म्हणून सोडलं तर कुणाच्याच कामाचं नाही. आपल्या सोलापुरातलीच एक गोष्ट रचून पाहू.

समजा, साखर पेठेच्या आतल्या एका बोळात बसवराज अज्जा राहतात. घरात कन्नड, बाहेर मराठी. आयुष्यभर त्यांनी चादरींची डिझाइनं काढली. सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा वेलबुट्टी जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणारं यंत्र बसवलेल्या मागावर, विणली जाते, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. ती कशी उतरते हे मात्र फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. डिझायनर आधी ग्राफ पेपरवर चौकट-चौकट भरत नक्षी काढतो. मग ग्राफची एकेक ओळ वाचून जाड पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडायची. भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो आणि मधून बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, धोटा जातो. एका धोट्याला एक कार्ड. अशी शेकडो कार्डं दोऱ्याने एकमेकांना बांधली की माळ तयार होते. जोसेफ मारी जकार्ड या फ्रेंच माणसाने १८०४ च्या सुमारास ही युक्ती पक्की केली. आता डिझाइन कॉम्प्युटरवर होतं. अज्जांचं काम थांबलंय आणि कार्डांचे ढीग खोलीत छतापर्यंत गेलेत.

सोहेल, किरण आणि अंबिका, तिघंही दहावीत. अंबिकाच्या घरात तेलुगू बोलतात, आई विड्या वळते. सोहेलला शाळेच्या प्रकल्पासाठी पुठ्ठा हवाय आणि अज्जा रद्दी विकणार असल्याचं त्याला कळलंय. तो दोघांना घेऊन जातो.

“हे काय ओ अज्जा? सगळ्याला भोकंच भोकं.”

“चादर आहे ती.”

“कुठाय चादर?”

“तुला वाचता येत नाही, म्हणून दिसंना.”

मैत्री अशी सुरू झालेली मला आवडते. एका बाजूला पुठ्ठ्याचा सौदा, दुसऱ्या बाजूला थोडा राग. ‘या बाळांनो, मी तुम्हाला काही शिकवतो’ असं म्हणणाऱ्याकडे पंधरा वर्षांचं पोरगं दुसऱ्यांदा जात नाही. पण ज्याने आपल्याला वाचता येत नाही असं तोंडावर सांगितलं, त्याच्याकडे ते हमखास जातं.

पुढच्या प्रकरणांत अज्जा त्यांना ग्राफ वाचायला लावतात. अंबिका वाचते: तीन भरलेली, दोन रिकामी, पाच भरलेली. अज्जा हाताने चाचपत पंच करतात. इथे लेव्ह व्हिगॉत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाची एक कल्पना लिहिणाऱ्याच्या फार उपयोगी पडते. मुलाला जे एकट्याने जमतं ते एक आणि कुणी जाणतं माणूस जोडीला असताना जे जमतं ते दुसरं. खरं शिकणं या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात होतं, असं तो सांगतो. कादंबरीपुरता याचा अर्थ असा की दोघांच्या हातात एक काम असू द्या. काम असलं की बोलणं कमी आणि खरं होतं. चूक झाली की ती कार्डावर दिसते, त्यासाठी कुणाला व्याख्यान द्यावं लागत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला समोरासमोर बसवून ‘तुझं काय चाललंय?’ विचारा, ती काही सांगणार नाही. दोघांच्याही नजरा ग्राफवर असतील तर ती आपणहून सांगेल की घरी पुण्याच्या डिप्लोमाचा विषय काढला की बाबा जेवण सोडून उठतात.

आणि मग एक दिवस अंबिकाच्या लक्षात येतं की अज्जांना चौकटी दिसतच नाहीत. मोतीबिंदू पिकलाय. इतके दिवस ते शिकवण्याचं नाव करून तिचे डोळे वापरत होते. कादंबरीतलं हे सगळ्यात मोलाचं प्रकरण, आणि इथे घाई करायची नाही. तिला फसवल्यासारखं वाटेल. त्याच वेळी हेही वाटेल की या माणसाला आपली गरज होती, आणि तशी गरज आजवर कुणालाच नव्हती. घरात तिची गरज म्हणजे पाणी भरणं आणि धाकट्याला सांभाळणं. या खोलीत तिच्या वाचण्यावर एक चादर उभी राहते. त्या क्षणी कोण शिकवतंय आणि कोण शिकतंय, हे दोन्ही बाजूंनी सैल होतं. सोहेल त्याच आठवड्यात अज्जांना सांगतो की भोक आहे किंवा नाही, ही तर कॉम्प्युटरचीच भाषा झाली. ज्याने तुमचं काम नेलं तो तुमच्याच घरचा आहे. अज्जांना हे पचायला वेळ लागेल. लागू द्यावा.

या प्रकाराचा सगळ्यात चांगला धडा मला साने गुरुजींकडे दिसतो. ते अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची व्यवस्थाही पाहत. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये आपल्याला आई आणि श्याम आठवतात. पण पुस्तकाची रचना काय आहे? मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगतोय. तो सांगतो ते बहुतेक स्वतःच्या चुकांचं आणि भित्रेपणाचं असतं. पोहायला घाबरून लपलेला श्याम ऐकताना मुलं हसतात, मग गप्प होतात. वर उभं राहून बोलणारा माणूस आणि स्वतःची लाज उघडी करणारा माणूस यांतला फरक मुलांना लगेच कळतो. वडीलधारं पात्र लिहिताना ही एक गोष्ट जमली तरी निम्मी कादंबरी तरते.

आता अवघड भाग. म्हातारा माणूस, पंधरा वर्षांची मुलगी, बोळातली खोली. आजचा वाचक, विशेषतः पालक, हे वाचताना अस्वस्थ होणार आणि ते रास्तच आहे. लेखकाने ही अस्वस्थता टाळू नये. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलंय आणि अशा गुन्ह्यांत ओळखीचं, विश्वासातलं माणूसच किती वेळा असतं हे आपण बातम्यांत वाचतो. मुलाला जाळ्यात ओढणारा मोठा माणूसही सुरुवातीला मायाळू, समजून घेणाराच दिसतो. मग फरक ओळखायचा कसा? तो भेटवस्तूंनी मिंधं करतो, ‘हे आपल्यातच राहू दे’ म्हणतो, ‘तुझ्या घरच्यांना तू कळतच नाहीस, मलाच कळतेस’ असं पुन्हा पुन्हा ऐकवतो आणि मित्रमैत्रिणींपासून हळूहळू तोडतो. त्याच्या सहवासात मुलाचं जग लहान होत जातं. चांगल्या वडीलधाऱ्या मित्रामुळे ते मोठं होतं. नवी माणसं, नव्या जागा, नवे धागे त्यात येतात. तरुण वाचकाला हे ओळखायला शिकवणं गोष्टीच्या आतूनच व्हायला हवं, सूचनेची पाटी लावून नाही.

आपल्या गोष्टीत मी ते अंबिकाच्या आईकडे सोपवीन. ती एके दुपारी पानं, तंबाखू आणि सूप घेऊन थेट अज्जांच्या खोलीत येते. “घरी लाईट गेली ओ,” म्हणते, दारापाशी बसते आणि तासभर विड्या वळत राहते. प्रश्न एकही विचारत नाही. अज्जा समजायचं ते समजतात, उठून दुसरं दारही उघडून ठेवतात आणि पोरांना ग्राफ घेऊन ओट्यावर बसायला सांगतात. त्या दिवसापासून काम ओट्यावर होतं. दोन्ही मोठ्या माणसांची जबाबदारी त्यांच्या वागण्यातून दिसते आणि मुलीचा कुठे अपमानही होत नाही. पोरं एकऐवजी तीन ठेवण्यामागेही हाच विचार आहे. शिवाय तिघं असली की आपसांत भांडतात, एकमेकांवर जळतात. अज्जांचा लाडका कोण, यावरून किरण रुसून बसतो आणि त्या रुसव्यात गोष्टीला बरंच खाद्य मिळतं.

भाषेबद्दल थोडं. सोलापूरची पोरं पुस्तकात आली की एकाएकी पुण्याची होतात, याचा मला मनापासून राग येतो. “काय करायलास बे?” म्हणणारं पोरगं कागदावर “तू काय करतो आहेस रे?” का म्हणतं? मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी अशा चार भाषा एका बोळात नांदणारं हे शहर आहे. कोण कुणाशी कोणत्या भाषेत भांडतं आणि कोणत्या भाषेत माया करतं, यातून पात्रं आपोआप वेगळी उभी राहतात. मात्र गाव दाखवायचं म्हणून शेंगाचटणी आणि भुईकोट किल्ला पानोपानी पेरू नये. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा जानेवारीत भरते आणि तिच्यानंतर महिना-दीड महिन्यात बोर्डाची परीक्षा येते. यात्रा घ्यायचीच तर या घड्याळासाठी घ्या. त्या मधल्या दिवसांत सगळ्या घरांतला ताण वाढलेला असतो आणि अज्जांकडे जाणं ही पोरांनी चोरलेली वेळ होते.

वडीलधारा मित्र चुकला पाहिजे, याबद्दल मी आग्रही आहे. बारीकसारीक विसरण्यात नाही, महत्त्वाच्या जागी. अंबिका पुण्याबद्दल विचारायला येते तेव्हा अज्जा म्हणतात, “कशाला जातीस? इथं राहा. माझं सगळं तुला देतो.” ते प्रेमाने म्हणतात आणि त्यात त्यांचा स्वार्थही आहे. आपलं काम आपल्यामागे राहावं म्हणून ते एका मुलीचं आयुष्य स्वतःच्या खोलीत थांबवायला निघालेत. एरिक्सनने सांगितलेली ती उतारवयातली ओढ अशीच उलटूही शकते. अंबिकाला हे दिसलं पाहिजे, आणि दिसल्यावरही तिचं त्यांच्यावरचं प्रेम कमी होता कामा नये. मोठी माणसं चांगली असूनही चुकीचा सल्ला देतात, हे कळणं हेच त्या वयातलं मोठं शिक्षण आहे. बाबांच्या नकारापेक्षा अज्जांचा आग्रह मोडणं तिला जड जाईल. तो ती एकटीने मोडते. इथे किरण किंवा सोहेलने येऊन तिला धीर द्यायचा नाही.

मुलाने शेवटचा निर्णय एकट्याने घ्यावा म्हणून अशा गोष्टींत म्हाताऱ्याला बाजूला व्हावंच लागतं. यासाठी लेखक सर्रास त्याला मारून टाकतात. हृदयविकाराचा झटका, दवाखाना, उशीखाली सापडलेली चिठ्ठी. मुलांनी हे इतक्या वेळा वाचलंय की म्हातारा पहिल्यांदा खोकला तरी त्यांना शेवट कळतो. बाजूला होण्याच्या दुसऱ्याही कितीतरी वाटा आहेत. मुलगा भिवंडीला घेऊन जातो. खोली विकली जाते. किंवा डोळ्यांचं ऑपरेशन होतं, अज्जांना चौकटी पुन्हा दिसायला लागतात आणि आता त्यांना वाचून दाखवणारं कुणी नको असतं. मला ही शेवटची वाट सगळ्यात खरी वाटते. गरज संपल्यावर मैत्री उरते का, हा प्रश्न त्यामुळे दोघांपुढेही येतो आणि त्याचं उत्तर आधीच ठरलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र मराठी लेखकांनी मनावर घ्यावी असं वाटतं. आपली कथा नेहमी जाणाऱ्याच्या मागे जाते. अंबिका सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघाली की पुस्तक संपतं. सोहेल जात नाही. त्याच्या घरचे दोन माग आहेत, बापाची कंबर गेलीय, दहावीनंतर त्याला त्याच शेडमध्ये उभं राहायचंय. अज्जांच्या कार्डांत कॉम्प्युटर पहिल्यांदा त्यालाच दिसला होता. अशी पोरं सोलापुरात घरोघरी आहेत आणि मराठी कुमार कादंबरीत त्यांना अजून पुरेशी जागा नाही. ही कादंबरी मी लिहिली असती तर शेवटची चार प्रकरणं सोहेलला दिली असती. शेडमधून सुटल्यावर तो ओट्यावर येतो आणि अज्जांशी कॉम्प्युटरवरच्या डिझाइनवरून कचाकचा भांडतो. अंबिका गेल्यावर या दोघांना पहिल्यांदाच एकमेकांचं नीट ऐकावं लागतं.